एचपी सोडून काहीतरी विचारा

पंपाच्या दुकानात गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतात तो "कितीची?" आणि बहुतेक वेळा तोच शेवटचा असतो. गिऱ्हाईक म्हणतं, पाचची. पोऱ्या माळ्यावरून खोकं खाली काढतो, पावती फाटते, मोटार टेम्पोत चढते. विहीर किती खोल, पाणी आज कुठं आहे आणि मे महिन्यात कुठं जातं, पाइप अडीच इंची की दोन इंची, रान विहिरीपासून किती लांब आणि किती चढावर, शेवटी तुषार लावायचे की ठिबक की नुसतं दांडानं सोडायचं, यातलं काहीही कुणी विचारत नाही. मला या गोष्टीचा त्रास होतो. लहानच गोष्ट आहे, पण तिचा परिणाम रोज, प्रत्येक पाळीला, प्रत्येक विहिरीवर होत असतो, म्हणून ती मी लहान मानायला तयार नाही.

माझं गाव शिरड शहापूर. औंढा नागनाथहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. बाहेरगावचे लोक मल्लिनाथाच्या जैन मंदिरासाठी येतात, आम्ही मात्र हळद, ऊस आणि विहिरीचं पाणी यांच्या हिशेबात वर्ष काढतो. हळद रानात आठ-नऊ महिने उभी असते. पाऊस गेल्यावर तिला पाणी विहिरीतून किंवा बोअरमधूनच द्यावं लागतं, आणि ते लाईट असेल तेवढ्याच तासांत. मी पुण्यात पंपांचं काम करतो. पंप ओतण्याआधी तो किती पाणी किती उंच, म्हणजे किती हेडला, चढवेल हे संगणकावर काढायचं, असं ते काम. सीएफडी म्हणतात त्याला. त्यामुळं गावाकडच्या दुकानात "कितीची?" एवढंच ऐकलं की मला गप्प बसवत नाही. एकदा मी काउंटरवर म्हटलंही, "अहो, पण हेड किती लागणार ते तर विचारा." दुकानदार भला माणूस आहे. तो म्हणाला, "भाऊ, सगळे पाचचीच नेतात. तुमचीच विहीर काय निराळी हाय का?"

निराळीच असते. प्रत्येक विहीर निराळी असते, आणि ते सिद्ध करायला मोठं गणित लागत नाही. समजा, पाण्याच्या पातळीपासून रानाच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची १८ मीटर आहे. पाइपलाइन ३०० मीटर. सेकंदाला ५ लिटर पाणी हवं आहे. पीव्हीसी पाइप ७५ मिलिमीटरचा असेल तर पाण्याच्या घर्षणात सुमारे ७ मीटर हेड जातं, म्हणजे पंपाला २५ मीटर गाठायचे. तोच पाइप ६३ मिलिमीटरचा टाकला तर घर्षण १७ मीटरच्या घरात जातं आणि पंपापुढं ३५ मीटर उभे राहतात. पाइपचे पैसे वाचवले म्हणून डोंगर दहा मीटरनं उंच झाला. तेवढ्याच पाण्याचं घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट चालतं, म्हणून जरासा बारीक पाइप एवढा महाग पडतो. आता एकाला २५ मीटरचा पंप लागतो, शेजाऱ्याला ३५ मीटरचा, आणि दोघंही "पाचची द्या" म्हणून एकच खोकं घेऊन जातात. दोघांपैकी एकाचा पंप कमी पाणी देणार, हे दुकानातच ठरून जातं. मग तो शेतकरी म्हणतो, मोटार बोगस निघाली.

यावर मला हमखास ऐकावं लागतं की आता काय, लाईटबिल तर माफच आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत मिळते, हे खरं. पण वीज मोफत आहे, तास मोफत नाहीत. आठ तास पुरवठा धरला तर सेकंदाला ५ लिटरनं १ लाख ४४ हजार लिटर पाणी निघतं. साडेतीन लिटरनं जेमतेम १ लाख. एका एकरावर पसरलं तर पहिल्या हिशेबात साडेपस्तीस मिलिमीटर ओल पडते, दुसऱ्यात पंचवीस. कमी पाणी देणारा पंप म्हणजे आणखी एक रात्र रानात, डिसेंबरच्या थंडीत, हातात बॅटरी आणि पायाखाली काय आहे त्याचा भरवसा नाही. ही रात्र कुणाच्याच बिलात दिसत नाही, म्हणून तिची किंमत शून्य समजतात. मला ते मान्य नाही.

खोक्यावरच्या छापील मजकुराबद्दल माझी वेगळी तक्रार आहे. मोठ्या अक्षरांत दोन आकडे असतात. समजा, हेड ४० मीटर आणि डिस्चार्ज सेकंदाला १२ लिटर. वाचणारा साहजिकच धरून चालतो की हा पंप ४० मीटर उंचीवर १२ लिटर पाणी देईल. हिशेब करून पाहावा. सेकंदाला १२ लिटर पाणी ४० मीटर चढवायला नुसत्या पाण्यालाच सुमारे ४.७ किलोवॅट लागतात. पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. पंपात आणि मोटारीत काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी ते होणार नाही. खरी गोष्ट अशी की ४० मीटर हेड मिळतं तेव्हा पाणी जवळजवळ निघतच नसतं, आणि १२ लिटर पाणी निघतं तेव्हा हेड अगदी थोडं उरलेलं असतं. मधल्या प्रत्येक हेडला किती पाणी हे सांगणारी एक रेषा असते. ती रेषा म्हणजेच पंप. माहितीपत्रकात ती असलीच तर नखाएवढी असते, एकाच चौकटीत सात-आठ मॉडेलच्या रेषा एकमेकींवर चढलेल्या, आणि आडव्या अक्षावर तासाला घनमीटर, तर शेजारच्या तक्त्यात सेकंदाला लिटर. उभ्या अक्षावर मीटर, पण दुकानदार बोलतो फुटांत. ज्या एका आकृतीवर सगळं अवलंबून आहे ती अशी छापायची आणि कंपनीचं बोधचिन्ह मात्र हातभर, याचं समर्थन मला कुणाकडूनही ऐकायला मिळालेलं नाही.

मोनोब्लॉक पंपांसाठी आयएस ९०७९ आणि सबमर्सिबलसाठी आयएस ८०३४ ही भारतीय मानकं आहेत. त्यांच्या चौकटीत बनलेल्या पंपाच्या नामपट्टीवर कोणत्या हेडला किती पाणी हे नोंदलेलं असतं. ही पट्टी म्हणजे पंपाचा जन्मदाखला. पहिल्यांदा कॉइल जळून मोटार रिवायंडिंगला गेली की तिकडून ती निळा किंवा हिरवा रंग मारून परत येते, आणि रंग पट्टीवरूनही मारलेला असतो. पट्टी झाकायला किंवा रंगाआधी तिच्यावर चिकटपट्टी लावायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट कुणी देत नाही.

आता माझ्या कामाबद्दल, कारण तिथंही सगळं ठीक आहे असं मी म्हणणार नाही.

पंपाच्या पोटात पंखा असतो. १६० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला २८५० फेऱ्यांनी फिरला तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला २४ मीटर होतो, म्हणजे ताशी ८६ किलोमीटर. पाणी मध्यभागी शिरतं, पात्यांच्या मधून बाहेर फेकलं जातं आणि भोवतीच्या शंखाकृती कवचात त्याचा वेग कमी होऊन दाब वाढतो. लेओनार्ड ऑयलरनं अठराव्या शतकातच दाखवलं होतं की पंख्याचा वेग आणि त्यानं पाण्याला दिलेला गोल वेग यांच्यावरून हेड काढता येतं. या पंख्याच्या कडेच्या वेगाचा वर्ग गुरुत्वाकर्षणानं भागला तर ५८ मीटर येतात, आणि असा पंप प्रत्यक्षात साधारण त्याच्या निम्मं देतो. उरलेलं निम्मं कुठं जातं, हा आमचा धंदा. काही हिस्सा मागे वळलेल्या पात्यांच्या कोनामुळं मुळात मिळतच नाही. काही हिस्सा पाणी पात्यांचं पूर्ण ऐकत नाही म्हणून जातो. काही घर्षणात, काही भोवऱ्यांत.

हे भोवरे हातानं मोजता येत नाहीत. पाण्याच्या हालचालीची समीकरणं १८२२ साली नाविए यानं मांडली आणि १८४५ साली स्टोक्सनं पक्की केली, पण पंपाच्या पोटासारख्या वाकड्यातिकड्या जागेत ती कागदावर सुटत नाहीत. म्हणून त्या जागेचे लाखो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात किती पाणी शिरलं, किती निघालं, दाब किती, याचा ताळा संगणकानं जमवायचा. हा ताळा जमवण्याची जी रीत जगभर शिकवतात तिच्यामागं एक मराठी माणूस आहे. सुहास पाटणकर. पुण्यात जन्म, १९६२ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, मग मुंबईची आयआयटी, मग लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे पीएचडी. १९७२ साली या दोघांनी सिंपल नावाची पद्धत प्रसिद्ध केली. पुढं पाटणकर अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९८० साली आलेलं त्यांचं पुस्तक या विषयाच्या विद्यार्थ्यांनी अजूनही सोडलेलं नाही.

पद्धतीचा गाभा सांगण्यासारखा आहे. अडचण अशी होती की वेग काढायला दाब माहीत हवा, आणि दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नाही. पाणी दाबून आकसत नाही, जेवढं शिरलं तेवढंच बाहेर पडलं पाहिजे, एवढाच काय तो आधार. पाटणकर-स्पाल्डिंग यांनी सांगितलं: दाब आधी अंदाजानं धरा. त्यावरून वेग काढा. आता प्रत्येक तुकड्यात शिरलेलं आणि निघालेलं पाणी जुळतं का बघा. जुळणार नाही. जिथं पाणी जास्त साचतंय तिथं दाब वाढवा, जिथं कमी पडतंय तिथं घटवा, वेग सुधारा, आणि पुन्हा पहिल्यापासून. शेकडो फेऱ्यांनंतर ताळा बसतो. मला हे काम करताना दर वेळी या विचाराचं कौतुक वाटतं. पुण्यातल्या महाविद्यालयातून निघालेल्या माणसाचं डोकं जगातल्या पंपांच्या, विमानांच्या, भट्ट्यांच्या आकडेमोडीत चालू आहे, आणि आमच्याकडच्या पंपाच्या दुकानात त्यातलं एक अक्षरही पोचलेलं नाही.

या पद्धतीनं चांगल्या मोठ्या पंपाचं हेड त्याच्या सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या बिंदूजवळ काही टक्क्यांच्या फरकानं सांगता येतं. हे मी अभिमानानं सांगतो. पण माहितीपत्रकावर सीएफडीचं लाल-निळं चित्र छापून "अत्याधुनिक संगणकीय रचना" असं लिहिलेलं पाहिलं की मला विचारावंसं वाटतं: तुकडे किती केले होते? ते दुप्पट केल्यावर उत्तर बदललं का? खळबळाटासाठी कोणतं गणित वापरलं, लाँडर-स्पाल्डिंग यांचं १९७४ चं की मेंटर यांचं १९९४ चं? पंखा फिरवत वेळेनुसार सोडवलं, की एका जागी गोठवून? चाचणीच्या आकड्यांशी ताडलं का, आणि किती बिंदूंवर? या प्रश्नांच्या उत्तरांशिवाय ते चित्र म्हणजे नुसते रंग आहेत. खरेदी करणाऱ्याला त्यातून एक थेंबही जास्त मिळत नाही.

आमच्या क्षेत्रातल्या लिखाणातही सर्वोत्तम बिंदूवरचा एकच आकडा ठळकपणे सांगायची खोड आहे. त्या बिंदूवर पाणी पात्यांच्या कोनाशी जुळवून शिरतं, सगळं सुरळीत असतं, आणि कुठलीही बरी आकडेमोड तिथं बरोबर येते. कस लागतो कमी पाण्यावर. वॉल अर्धा दाबला, पाइप बारीक असला, तुषाराचे नोझल जास्त दाब मागू लागले, की पंख्याच्या तोंडाशी पाणी उलटं फिरतं, पात्यांवरून प्रवाह सुटतो, आणि हे सगळं क्षणाक्षणाला बदलतं. पंखा गोठवून केलेलं गणित तिथं स्थिरच होत नाही. आकडा वर-खाली डोलत राहतो, आणि गणित जिथं थांबवलं तिथला आकडा अहवालात जातो. शेतकऱ्याचा पंप पुष्कळदा याच भागात चालतो.

याहून मोठी तक्रार आहे ती फटीबद्दल. पंखा आणि कवच यांच्यामध्ये बारीकशी फट असते. तिच्यातून दाबाखालचं थोडं पाणी परत पंख्याच्या तोंडाशी जातं, म्हणजे एकदा चढवलेलं पाणी पुन्हा चढवावं लागतं. शिवाय पंख्याच्या दोन्ही बाजूंच्या तबकड्या पाण्यात घासत फिरतात, त्यातही शक्ती जाते. या दोन्ही जागांचे तुकडे पाडणं किचकट असतं, संगणकाला वेळ लागतो, म्हणून त्या वगळायच्या अशी सवय आहे. ओतीव लोखंडाचा खडबडीतपणा वगळून भिंती काचेसारख्या गुळगुळीत धरायच्या, ही दुसरी सवय. मोठ्या पंपात हे काही अंशी खपून जातं. पण ५ लिटर, ३० मीटर, २८५० फेऱ्या असा शेतीचा पंप घेतला तर त्याची विशिष्ट गती, म्हणजे पाणी, हेड आणि फेऱ्या यांवरून काढलेला आकडा, सोळाच्या जवळ येते, आणि इतक्या कमी विशिष्ट गतीच्या, अरुंद वाटांच्या पंपात फटीतली गळती, तबकडीचं घर्षण आणि खडबडीतपणा यांचाच वाटा मोठा असतो. म्हणजे वगळायला सोपं म्हणून जे वगळतात तेच नेमकं शिरड शहापूरच्या विहिरीवर महत्त्वाचं असतं. संगणकावरचा पंप कागदावर चांगला दिसतो आणि विहिरीवर कमी पडतो, त्याचं एक कारण इथं आहे. मी ज्या ज्या बैठकीत बसतो तिथं "फटीसकट करा" असं म्हणतो. वेळ नाही, असं उत्तर मिळतं.

गणितात नसलेल्या आणखी पुष्कळ गोष्टी विहिरीवर असतात. संगणकात पंपाच्या तोंडाशी येणारं पाणी सरळ, शांत आणि सगळीकडं सारख्या वेगाचं धरलेलं असतं. आमच्याकडं सक्शनचा बेंड पंपाच्या तोंडालाच टेकवून बसवतात, कारण कठड्यावर जागा कमी असते. बेंडमधून पाणी एका बाजूला रेटलं जाऊन शिरतं आणि पंख्याच्या एका अंगाला जास्त, दुसऱ्याला कमी मिळतं. पाइपच्या व्यासाच्या चार-पाच पट लांबीचा सरळ तुकडा मध्ये ठेवला तर बराच फरक पडतो. तो तुकडा भंगारातही मिळतो. फूटवॉलच्या जाळीवर शेवाळ आणि पालापाचोळा बसलेला असतो, तो पोळ्यालाही कुणी काढत नाही.

पाणी ओढण्याची मर्यादाही कुणी सांगत नाही. पंप पाणी ओढत नाही, हवेचा दाब त्याला वर ढकलतो, आणि हवेच्या दाबाला उणापुरा दहा मीटरचा स्तंभ पेलतो. त्यातून पाइपचं घर्षण, पाण्याच्या वाफेचा दाब आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की सहा-सात मीटर उरतात. काळ्या पाषाणातल्या आमच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात त्याहून खाली जातं, तेव्हा पंप खालच्या टप्प्यावर न्यावा लागतो. नेला नाही तर पंख्याच्या तोंडाशी पाण्याची वाफ होते, बुडबुडे पुढं जाऊन फुटतात आणि पातं कुरतडतात. आतून खडे वाजल्यासारखा आवाज येतो. आमच्या नेहमीच्या गणितात मात्र वाफेला जागाच नसते. दाब वाफेच्या मर्यादेखाली गेला, अगदी शून्याच्याही खाली गेला, तरी संगणक तो आकडा लिहून पुढं जातो. बुडबुड्यांचं गणित वेगळं जोडावं लागतं, आणि शेतीच्या पंपासाठी ते जोडायला क्वचितच कुणी पैसे देतं.

मग लाईट. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, जोडलेल्या पंपांना आपोआप चालू करणारे ऑटो बसवलेले असतात. लाईट आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणाला उठतात, सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढतात, आणि व्होल्टेज खाली बसतं. मानकात ४१५ व्होल्टवर उणे १५ टक्के धरलेले आहेत, म्हणजे साधारण ३५३ व्होल्टपर्यंत. त्याखाली मोटारीची ओढ झपाट्यानं कमी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गावर चालते. फेऱ्या तीन-साडेतीन टक्क्यांनी घटल्या तरी हेड सहा-सात टक्क्यांनी जातं, करंट वाढतो, आणि कॉइल तापते. ऑटोमध्ये उशिरा चालू होण्याची सोय असते. प्रत्येकानं वेगवेगळा उशीर लावला, एकानं एक मिनिट, दुसऱ्यानं दोन, तर डीपी आणि मोटारी दोन्ही वाचतील. या गोष्टीसाठी शेजाऱ्याशी बोलावं लागतं, आणि बांधावरून बोलणं बंद असेल तर मोटार जळू देतात. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

दुरुस्तीच्या वेळी मोटार जास्त करंट घेते म्हणून पंख्याची कड लेथवर उतरवून देतात. करंट कमी होतो, मोटार वाचते, हे खरंच. पण १६० चा पंखा १५२ केला की हेड सुमारे दहा टक्क्यांनी जातं. करंट जास्त होता तो बहुधा पंप त्याच्या हेडपेक्षा फार कमी हेडवर चालत होता म्हणून, म्हणजे पुन्हा खरेदीच्या वेळी न विचारलेल्या प्रश्नामुळं. कड किती उतरवली ते पंपावर खडूनंसुद्धा लिहीत नाहीत.

सौर पंप आल्यावर हे बदलेल अशी मला आशा होती. २०१९ साली पीएम-कुसुम आली, २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही राज्याची योजना आहे. शेतकऱ्यानं दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानं पाच टक्के भरायचे. दिवसा पाणी मिळतं, आणि ही गोष्ट फार मोठी आहे. पण 'कितीची?' याचं उत्तर तिथं एकरांवर ठरतं: अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच, पुढं साडेसात. जमीन किती आहे यावरून पाणी किती खोल आहे हे कसं कळावं? त्याच एचपीत कमी हेडचे आणि जास्त हेडचे पंप असतात. त्यातला कोणता बसवायचा हे विहीर मोजूनच ठरायला हवं, आणि सौर पंपात तर जास्तच. कारण सकाळी, ढगात आणि संध्याकाळी फेऱ्या कमी होतात, आणि हेड फेऱ्यांच्या वर्गानं घटतं. पूर्ण फेऱ्यांवर जास्तीत जास्त ४० मीटर देणारा पंप ८० टक्के फेऱ्यांवर २५.६ मीटरच देतो. तुमची उभी उंची २८ मीटर असेल तर मोटार फिरते, पाट्यांवर ऊन आहे, आणि पाइपातून थेंब येत नाही. लोक म्हणतात पंप बिघडला. पंप बिघडलेला नसतो. त्याची रेषा आणि विहीर यांची गाठ कुणी घालून पाहिलेली नसते.

मोजून काम करता येतं, हे महाराष्ट्रात झालेलं आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोनं २००९ साली सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला शेतीपंप बदलण्याचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा जुन्या पंपांची तपासणी विहिरीवर जाऊन झाली: पाणी किती, हेड किती, वीज किती. नवा पंप त्यावरून. एवढीच माझी मागणी आहे, आणि ती औंढा, वसमत, कळमनुरी तालुक्यांतल्या कुठल्याही दुकानात पूर्ण होऊ शकते. दुकानदारानं पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: उन्हाळ्यातली पाण्याची पातळी, रानाचा चढ, पाइपची लांबी, पाइपचा व्यास, शेवटी तुषार की ठिबक की दांड. त्यावरून हेड काढायला मोबाइलचं कॅल्क्युलेटर पुरतं. मग माहितीपत्रकातली रेषा बघायची आणि त्या हेडला पुरेसं पाणी देणारं खोकं खाली काढायचं.

शेतकऱ्यानंही मोजावं. २०० लिटरचा बॅरल पाइपाच्या टोकाशी ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, ५७ सेकंद लागले तर साडेतीन. शेवाळ काढण्याआधी आणि काढल्यावर मोजा, व्होल्टेज कमी असताना आणि भरपूर असताना मोजा. आकडा वहीत तारखेसकट लिहा. असे आकडे आमच्यापर्यंत आले तर फटीसकट गणित करायला वेळ काढा असं मी बैठकीत पुराव्यानं सांगू शकेन.

आणि पंप बनवणाऱ्यांना एक. आमच्या घरच्या पंपाच्या डिलिव्हरीला दाबमापक लावायला भोक नाही. पाव इंची आट्यांचं एक भोक आणि त्यावर एक बूच, एवढं कारखान्यात पाडून द्या. तोवर गावातला प्लंबर डिलिव्हरीच्या पाइपवर सॅडल बसवून तिथं दाबमापक लावून देतो. सॅडल ६३ ची आहे की ७५ ची, हे मात्र त्याला आधी सांगावं लागतं, कारण तोही विचारत नाही.